असईचा उतार आणि मोबाईलमधला बाण



जालन्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे ट्रक ड्रायव्हर पेशंट कमी नसतात. कुणी सळई घेऊन बाहेर जातो, कुणी भंगार घेऊन येतो, कुणी मोसंबी वाहतो, कुणी कापूस. तक्रारी ठरलेल्या असतात : कंबरदुखी, शुगर, बीपी, ॲसिडिटी आणि अपुरी झोप. मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारतो : "नवीन गावचा रस्ता कसा शोधता?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. खिशातला मोबाईल वर येतो.

डॉक्टरला रस्त्याशी काय देणंघेणं, असं तुम्हाला वाटेल. पण रस्ता शोधणं हे मेंदूचं काम आहे. रक्त पुढे ढकलणं जसं हृदयाचं काम, तसंच. एखादं काम अवयवाकडून काढून यंत्राकडे दिलं तर त्या अवयवाचं काय होतं, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचाच आहे. आणि वाट दाखवणाऱ्यावर किती विसंबावं, हा प्रश्न काही मोबाईलबरोबर आलेला नाही. तो आपल्याच जिल्ह्यात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी, एका लढाईत चार वेळा उभा राहिला होता. आज आधी ती गोष्ट सांगतो, मग मेंदूकडे वळू.

भोकरदन म्हणजे नक्की कुठे?

२३ सप्टेंबर १८०३. ठिकाण असई, भोकरदन आणि जाफ्राबादच्या मधल्या पट्ट्यातलं एक छोटं गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. लढाई शाळेत वाचलेली असते, पण तिच्यातली रस्त्याची गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

वेलस्ली आणि त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन २१ सप्टेंबरला बदनापूरला भेटले. होय, आपलंच बदनापूर. ठरलं असं, की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी उत्तरेकडे जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. मराठ्यांचा तळ कुठे आहे याची बातमी हरकाऱ्यांनी आणली होती : "भोकरदनला." वेलस्लीनं त्यावरून अंतराचा हिशोब केला आणि २३ तारखेला सकाळी नळणीला पोचला. इंग्रजी कागदांत या गावाचं नाव 'नौलनिया' असं आहे. त्याच्या हिशोबानं शत्रू अजून बारा-चौदा मैलांवर असायला हवा होता. तिथं कळलं की शत्रू सहा मैलांवरच आहे.

चूक कुठे झाली, ते त्यानंच नंतर टॉमस मन्रोला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे. हरकारे खोटं बोलले नव्हते. मराठ्यांच्या तळाची उजवी बाजू भोकरदनलाच होती. पण भोकरदन हे गावाचंही नाव होतं आणि भोवतालच्या मुलखाचंही. तळ काही मैल लांब पसरलेला होता, आणि त्याची डावी बाजू, जिथं पायदळ आणि तोफा होत्या, ती असईला होती. हरकाऱ्यांनी नाव सांगितलं मुलखाचं, वेलस्लीनं ऐकलं ते गावाचं.

मोबाईलमध्ये नुसतं 'पिंपळगाव' लिहून बघा. एकट्या मराठवाड्यात किती पिंपळगावं निघतात ते मोजा. बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं, पिंपळगाव रेणुकाई आणखी वेगळं. यंत्र त्यातलं एक निवडतं आणि ठामपणे बाण दाखवतं. हरकाऱ्याला निदान "कोणतं भोकरदन?" असा उलटा प्रश्न विचारण्याची सोय होती.

दोन गावं समोरासमोर

आता मागे फिरायचं की स्टीव्हन्सनची वाट न बघता लढायचं? वेलस्लीनं लढायचं ठरवलं. पण मध्ये खेळणा नदी होती. मराठी सैन्य खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभं होतं, आणि समोरचा उतार त्यांच्या तोफांच्या माऱ्यात होता. उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडी-बैलासह ओलांडता येते ती जागा. वेलस्लीनं स्थानिक वाटाड्यांना विचारलं, दुसरा उतार आहे का? त्यांनी सांगितलं, नाही.

वेलस्लीनं स्वतः पुढे जाऊन पाहणी केली. त्याला नदीच्या दोन काठांवर दोन गावं दिसली, अगदी समोरासमोर. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी आहेत. त्यानं विचार केला : नदीच्या दोन्ही काठांना इतकी जवळ गावं वसली असतील, तर त्या माणसांचं एकमेकांकडे जाणं-येणं असणारच, आणि जाणं-येणं असेल तर उतारही असणार. पण नुसत्या तर्कावर त्यानं फौज पाण्यात घातली नाही. एका अभियंता अधिकाऱ्याला पुढे पाठवलं, उतार खरंच आहे याची खात्री करून घेतली आणि मग फौज वळवली. त्या उतारावर पहारा नव्हता. लढाईचा निकाल बऱ्याच अंशी तिथं लागला.

हा प्रसंग इंग्रजांचं कौतुक करायला सांगत नाही. मला त्यातला विचाराचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी ऐकलं, मग डोळ्यांनी पाहिलं, पाहिलेल्याचा अर्थ लावला आणि शेवटी तपासून घेतलं. आम्ही डॉक्टर पेशंटच्या बाबतीत हेच करतो. रिपोर्ट हातात असतो, तरी पोटावर हात ठेवून बघतो. दोन्ही जुळत नसेल तर थांबतो आणि पुन्हा तपासतो.

पुढच्याच्या मागे

नदी ओलांडल्यावर काय झालं तेही ऐका. इंग्रजांच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला एक पहाऱ्याची तुकडी होती. असई गावापासून लांब राहा, असा हुकूम होता, कारण गावात तोफा आणि बंदूकधारी होते. धुरात आणि गोंधळात ती तुकडी नेमकी गावाकडेच सरकत गेली. तिच्या मागे असलेली ७४ वी पलटण तिच्यामागोमाग गेली. पुढचा चालतोय म्हणजे रस्ता बरोबर असणार, असं मागच्यानं धरून चाललं की काय होतं, ते त्या पलटणीनं भोगलं. त्या दिवशी सर्वांत जास्त कत्तल झालेल्या पलटणींपैकी ती एक.

संध्याकाळपर्यंत इंग्रजांच्या बाजूची ४२८ माणसं मेली होती आणि ११३८ जखमी झाली होती. शिंद्यांच्या बाजूची सुमारे १२०० माणसं रणांगणावर पडल्याचं इंग्रजांनीच नोंदवलं. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, हेही त्याच इंग्रजांनी लिहून ठेवलं आहे. वेलस्लीला म्हातारपणी विचारलं गेलं, की लढाईतलं तुमचं सर्वांत चांगलं काम कोणतं? त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं.

चौथी गोष्ट कर्नल स्टीव्हन्सनची. त्याला तोफांचे आवाज ऐकू आले आणि तो लगेच निघाला. पण त्याच्या वाटाड्यानं त्याला आधी भोकरदनला नेलं. तो रणांगणावर पोचला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लढाई संपल्यावर. वाटाड्यानं मुद्दाम चुकवलं असा स्टीव्हन्सनला संशय आला आणि त्यानं त्याला फाशी दिलं.

त्या माणसाचं नाव इतिहासात राहिलेलं नाही. त्यानं खरंच दगा दिला, की भोकरदन या नावाचा घोळ त्याच्याही बाबतीत झाला? शिक्षा मात्र त्याला झाली. त्या काळी वाट चुकवण्याची किंमत वाटाड्या मोजत असे. मोबाईलमधला बाण चुकला तर किंमत मोजतो तो स्टिअरिंगमागचा माणूस.

डोक्यातले नकाशे

मग त्या काळी माल कोण वाहत होतं? बंजारा समाजाचे तांडे. पाठीवर गोण्या लादलेले हजारो बैल घेऊन हे लोक दख्खनभर धान्य आणि मीठ पोचवत. दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांच्या धान्यावर जगत होत्या, वेलस्लीचीसुद्धा. आजच्या ट्रकवाल्यांचे पूर्वज म्हणायचे तर हेच. त्यांच्याकडे कागदी नकाशा नव्हता. पाणी कुठे, चारा कुठे, कोणता उतार कोणत्या महिन्यात चालतो, कोणत्या घाटात बैल दमतात, हे सगळं तांड्याच्या नायकाच्या डोक्यात असे.

मोजून काढलेले नकाशे नंतर आले. विल्यम लॅम्ब्टननं भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम मद्रासजवळ सुरू केलं ते १८०२ मध्ये, म्हणजे असईच्या फक्त एक वर्ष आधी. साखळी आणि भलामोठा थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला १८२३ मध्ये तो वारला, तेव्हाही काम अर्धवटच होतं.

पुढे रेल्वे आली, डांबरी रस्ते आले, ट्रक आले. तरी कालपरवापर्यंत ट्रकची पद्धत तांड्यासारखीच होती. उस्ताद गाडी चालवायचा, क्लीनर खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता विचारायचा. ढाब्यावर जेवताना पुढच्या घाटाची, पुलाची, खड्ड्यांची बातमी मिळायची. क्लीनर चार-पाच वर्षं शेजारी बसून रस्ते पाठ करायचा आणि मग स्वतः उस्ताद व्हायचा. आता अनेक गाड्यांवर क्लीनर नसतोच. पगार परवडत नाही, आणि रस्ता सांगायला मोबाईल आहे. क्लीनर नाही म्हणजे दुसरी डोळ्यांची जोडी नाही, डुलकी लागली तर हलवणारा माणूस नाही, आणि पुढचा रस्ता जाणणारा उस्तादही तयार होत नाही.

उपग्रह रस्ता सांगत नाही

इथं एक गैरसमज दूर करू या. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की मोबाईल हिशोब करून सांगतो : तुम्ही पृथ्वीवर या ठिकाणी आहात. बस, उपग्रहाचं काम संपलं. सामान्य लोकांसाठीचा संकेत अमेरिकेनं मुद्दाम थोडा चुकवलेला असे. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि अचूकता एकदम वाढली. गूगल मॅप्स २००५ मध्ये आलं. भारताच्या स्वतःच्या उपग्रह यंत्रणेला २०१६ मध्ये 'नाविक' हे नाव मिळालं.

तुम्ही कुठे आहात हे उपग्रह सांगतो. कुठून जायचं हे नकाशाचं सॉफ्टवेअर ठरवतं. आपण जे ॲप वापरतो ते मुख्यतः कार आणि दुचाकी डोळ्यांसमोर ठेवून वेळ आणि अंतर मोजतं. तुमच्या मागे पंचवीस टन सळई आहे, तुमच्या गाडीला वळायला किती जागा लागते, हे त्याला माहीत नसतं.

कन्नडचा घाट घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं तिथं जड वाहनांना बंदी झाली. जालन्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या ट्रकसाठी ही मोठी बातमी होती. कारसाठी मात्र घाट चालू. कारच्या हिशोबानं चालणारा नकाशा ट्रकलाही तोच जवळचा रस्ता दाखवू शकतो. घाटाच्या तोंडाशी येऊन ट्रक अडकला, की परत फिरायला जागा नसते आणि मागे रांग लागलेली असते.

आणि नकाशाला ऋतू कळतातच असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक कार रात्री कोतूळजवळच्या पुलावर गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गावातल्या लहान मुलालाही ते ठाऊक होतं. गाडीतले दोघं पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून कार खाली कोसळली आणि तिघं गेले. दोन्ही ठिकाणी मोबाईल रस्ता दाखवत होता. दोन्ही ठिकाणी प्रशासनाचीही जबाबदारी होती : अडथळा हवा होता, फलक हवा होता. ते म्हणायलाच हवं. पण ते म्हणून गेलेला माणूस परत येत नाही.

मेंदूत काय चालतं

आता माझ्या विषयाकडे. आपल्या मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. आकार साधारण समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. नवीन आठवणी साठवणं आणि जागांचा नकाशा तयार करणं, ही त्याची मुख्य कामं.

१९४८ मध्ये एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञानं उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की उंदीर नुसती वळणं पाठ करत नाही, डोक्यात नकाशा तयार करतो. १९७१ मध्ये लंडनच्या जॉन ओकीफ यांना हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर विशिष्ट जागी आला की चमकतात. २००५ मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात आलेखाच्या कागदासारखी जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

माणसांवरचा प्रसिद्ध अभ्यास लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांचा. तिथं परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, आणि तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं, की या ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग प्रश्न आला, की हा नुसता दिवसभर गाडी चालवण्याचा परिणाम असेल का? म्हणून २००६ मध्ये त्यांनी टॅक्सी ड्रायव्हरांची तुलना लंडनच्याच बस ड्रायव्हरांशी केली. गाडी चालवणं तेच, रहदारी तीच, ताण तोच. फरक इतकाच, की बसचा मार्ग ठरलेला असतो. हिप्पोकॅम्पसमधली ती वाढ टॅक्सीवाल्यांत दिसली, बसवाल्यांत नाही. २०११ मध्ये परीक्षेच्या आधी आणि नंतर तपासणी करून त्यांनी हेही दाखवलं, की पास झालेल्यांच्या मेंदूत हा बदल शिकल्यामुळे झाला होता.

बस ड्रायव्हर कमी हुशार, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या कामाला रस्ता शोधावा लागत नाही, इतकंच. पण विचार करा : रोज नवीन गावाला जाणारा ट्रक ड्रायव्हर हा खरं तर टॅक्सीवाल्यासारखा. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" हे ऐकत तो चालायला लागला की रस्ता शोधण्याचं काम त्याच्याकडून निघून जातं, आणि मेंदूच्या दृष्टीनं तो ठरलेल्या मार्गावरचा बसवाला होतो.

२०१७ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी हे थेट पाहिलं. लोकांना गल्लीबोळांतून वाट काढायला लावून मेंदूचं स्कॅनिंग केलं. स्वतः वाट शोधताना चौक आला की हिप्पोकॅम्पस आणि पुढचा मेंदू जोरात कामाला लागत होते. यंत्र वाट सांगत असताना तीच वळणं घेतली, पण ती जादाची हालचाल दिसली नाही. २०२० मध्ये कॅनडात ५० ड्रायव्हरांचा अभ्यास झाला. ज्यांनी आयुष्यात जीपीएस जास्त वापरलं होतं, त्यांची यंत्राशिवाय वाट शोधण्याची स्मरणशक्ती कमी भरली. त्यांतल्या १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं. मधल्या काळात ज्यांचा वापर जास्त, त्यांची घसरणही जास्त.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास आला. ४४३ व्यवसायांत अल्झायमरमुळे मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं ते टॅक्सी आणि ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरांत. बस ड्रायव्हर आणि विमानचालक यांच्यात तसं दिसलं नाही.

इथं थांबून एक सावधगिरीची सूचना. यावरून "जीपीएसमुळे अल्झायमर होतो" असा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. २०२० च्या अभ्यासात माणसं थोडी होती. २०२४ चा अभ्यास दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढंच सांगतो, एकीमुळे दुसरी होते हे सिद्ध करत नाही. मात्र जे काम मेंदूकडून करून घेतलं जात नाही त्यात तो मंदावतो, एवढं म्हणायला आधार आहे. प्लास्टरमधून काढलेला हात आठवा. हाड जुळलेलं असतं, दंड बारीक झालेला असतो.

नजर आणि वेळ

रस्त्यावरचा तात्काळ धोका वेगळा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, की ४४ मीटर तुम्ही डोळे मिटून गेल्यासारखे जाता. कायद्यानं ऑक्टोबर २०२० पासून मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरायला परवानगी आहे, तीही गाडी चालवताना लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. मांडीवर ठेवलेला मोबाईल या अटीत बसत नाही.

दुसरी गोष्ट, पडद्यावर दिसणारी पोचण्याची वेळ. ती कारची असते, आणि त्यात जेवण, लघवी, झोप काहीच धरलेलं नसतं. ड्रायव्हर ती वेळ गाठायला जातो, मालक तीच वेळ धरून फोन करतो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो लागू होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. यंत्राला असा कायदा माहीत नसतो. लघवी दाबून ठेवणं, पाणी कमी पिणं, अवेळी जेवणं यांतून मुतखडा, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बिघडलेली शुगर घेऊन ही मंडळी दवाखान्यात येतात.

काय करावं?

मोबाईल फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. अनोळखी शहरात मध्यरात्री दवाखाना शोधणाऱ्याला तो जीव वाचवणारा आहे. तो हरकाऱ्यासारखा वापरा. बातमी त्याची, निर्णय तुमचा.

१. निघण्याआधी पाच मिनिटं पूर्ण मार्ग पडद्यावर लहान करून पाहा. मोठी गावं, नद्या, घाट क्रमानं तोंडानं म्हणा. हाच मेंदूचा व्यायाम.

२. गावाचं नाव तालुका आणि जिल्ह्यासह टाका. बुद्रुक की खुर्द, विचारून घ्या. माल उतरवून घेणाऱ्याला एक फोन करून शेवटच्या दहा किलोमीटरचा रस्ता ट्रकचा आहे का, ते विचारा.

३. मोबाईल डॅशबोर्डवर घट्ट बसवा, आवाज चालू ठेवा. पत्ता बदलायचा असेल तर गाडी बाजूला घ्या.

४. रस्त्यावर पाणी दिसलं, रस्ता अचानक अरुंद झाला, वर्दळ एकदम थांबली, तर बाण काहीही म्हणो, थांबा. उतरून बघा. जवळच्या माणसाला विचारा. पुढचा ट्रक गेला म्हणून जाऊ नका.

५. ओळखीच्या रस्त्यावर नकाशा बंद ठेवा. येताना तरी.

६. पोचण्याची वेळ तासाभरानं वाढवूनच मालकाला सांगा. मालकांनीही ती तशीच धरावी.

घरच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट

ओळखीच्या रस्त्यावर चुकणं हे काही वेळा आजाराचं पहिलं लक्षण असतं. पूर्वी घरातले वडीलधारे बाजारातून येताना गोंधळले, की घरच्यांना कळायचं. आता मोबाईल त्यांना घरी आणून सोडतो आणि ते लक्षण कित्येक महिने झाकलं जातं. म्हणून पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसाला रोजच्या रस्त्यालाही मोबाईल लागू लागला असेल, तर त्याला हसू नका, डॉक्टरकडे न्या. प्रत्येक वेळी ते अल्झायमरच असेल असं नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, दारू, झोपेत श्वास अडकणं, काही औषधं यांनीही असं होतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी बऱ्या होतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ड्रायव्हरला चालवता चालवता अचानक रस्ता ओळखू येईनासा झाला, घाम आला, हात कापू लागले, तर शुगर उतरली असं समजा. गाडी बाजूला घ्या, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटून काही खाल्ल्याशिवाय पुन्हा चाक हातात घेऊ नका. आणि अचानक गोंधळण्याबरोबर तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात-पाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. मग घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा. तिथं मिनिटामिनिटाला किंमत आहे.

आपल्या घरात कुणी ट्रक चालवत असेल, तर हा लेख त्याला वाचून दाखवा. गाडी चालवत असताना नव्हे, घरी आल्यावर, जेवण झाल्यावर. आणि पुढच्या खेपेला कुठे जाणार आहे ते विचारा. रस्ता त्याला तोंडानं सांगू द्या. मध्ये कुठे अडला, तर तिथलं गाव त्याला आठवेपर्यंत थांबा, मोबाईल पुढे करू नका.